चमेलीचा चांगला दिवस

लगनसराई लागली की आमच्या दारातली एक खुर्ची रिकामी होते. एरवी हे संध्याकाळी दारात बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून नाही त्या चौकशा करतात. पण गल्लीच्या तोंडाशी बँड वाजला की उठतात आणि आत जाऊन पंख्याखाली आडवे होतात. मी बसूनच असते. वरात माझ्या पायाजवळून जाते. आजकाल बरेच नवरदेव उघड्या मोटारीत काळा चष्मा लावून उभे असतात, आणि मोटारीपुढं बाईमाणसंसुद्धा नाचतात. नाचेनात का. पण एखाद्या वरातीत घोडी असते. तेव्हा लोक नवरदेवाचं तोंड बघतात, मी घोडीचे पाय बघते. पाऊल सरळ पडतंय का, वळताना जपते का, थांबल्यावर पुढचे पाय लांब करून अंग मागं टाकते का. तेवढं बघून झालं की मला त्या वरातीशी काही देणंघेणं राहत नाही.

आमची घोडी चमेली जाऊन फार वर्षं झालेली नाहीत. पण लगनसराईचा वास आला की ती कालच गेली असं वाटतं, आणि असं वाटणं मला आवडत नाही. जनरेटरच्या धुराचा वास, मोगऱ्याच्या सेहऱ्याचा वास, आणि या दोन्हीच्या खालून येणारा घामाघूम घोडीचा वास. हैदराबादेत नारायणगुड्याच्या लग्नाच्या हॉलांबाहेर हे तिन्ही वास एकत्र यायचे. यांचा सदरा धुताना ते माझ्या हाताला लागायचे. कितीही साबण लावा, जायचे नाहीत. मी कुरकुर करायची. आता सदरे स्वच्छ निघतात.

आम्ही नांदेडकडचे. बौद्ध माणसं. यांच्या आजोबांच्या काळात गावात आमच्या नवरदेवानं घोड्यावर बसायचं नाही, वरात वेशीच्या बाहेरून पायी न्यायची. कोणी बसलाच तर खाली ओढायचे. ही गोष्ट यांनी लहानपणी इतक्यांदा ऐकली की सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर माणूस पहिली हौस काय करतो, तर घोडी घेतो. लोक सायकल घेतात, रेडिओ घेतात. मी भांडले. घरात दोन माणसं नीट झोपतील एवढी जागा नव्हती आणि यांना घोडी हवी होती. मग गफारभाई भेटले. रेल्वेच्या लायनीपलीकडं त्यांचा तबेला होता, त्यांच्या स्वतःच्या दोन घोड्या होत्या. आमची तिथं उभी राहिली. कारखान्यातून सुटले की हे तिकडं. बस्तीतले जाणते म्हणाले, "आपल्या लग्नात घोडं कशाला? साधं लग्न करायचं, वंदना घ्यायची, झालं." यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसू नका. पण दारात उभी तर राहू द्या."

आणि बसले सगळे. बस्तीतला एक नवरदेव पायी गेला नाही. आमचा मुलगा मिलिंदही त्याच घोडीवरून गेला, गफारभाईंनी लगाम धरला होता. यांनी त्या दिवशी घोडीला स्वतः धुतलं आणि स्वतः आंघोळ करायला विसरले.

चमेली या घरातली शेवटची. पांढरी, कानाच्या आत गुलाबी. शिंगरू असताना आली तेव्हा सावलीलाही बिचकायची. यांनी तिला एकच शिकवलं. हे आले की उठून उभं राहायचं. जिभेनं टाळूवर चकचक केलं की ती पडल्याजागेवरून उठायची, मान खाली करायची, मग खरारा. वरातीत फटाके फुटोत, पोरं शेपूट ओढोत, यांची चकचक ऐकली की ती खांबासारखी. दुसऱ्या कोणाचं असलं ती ऐकत नसे. मी एकदा करून बघितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा केलं नाही.

आता पायांचं सांगते.

नवरदेव चढायच्या आधी त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ चारतात. ती खाते, मग नवरदेव चढतो. एक ताट असतं तोवर ठीक. पण सख्ख्या बहिणी झाल्या की चुलत, मावस, आत्ये, शेजारची मानलेली. सगळ्यांना चारायचं असतं, सगळ्यांना फोटो काढायचा असतो. वरातीला घोडी भाड्यानं देण्याच्या या धंद्यातला कोणीच ताटाला नाही म्हणत नाही, अपशकून समजतात. यांना शकुन-अपशकुनाचं काही नव्हतं. यांचं दुखणं वेगळं होतं. ज्यांच्या घरी आमच्या माणसांना वरून पाणी वाढायचे, त्यांच्यासारख्याच घरच्या बायका पदर सावरून, ताट हातात घेऊन आमच्या घोडीपुढं उभ्या असायच्या. ते ताट यांच्यानं परत लावलं गेलं नाही. कधीच.

कोरोनात घोडी नुसती उभी होती. पोट सुटलं होतं तिचं. मग बंदी उठली आणि तटलेली सगळी लग्नं एकदम निघाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. ताटामागून ताट. त्या थंडीत एका सकाळी गफारभाई आमच्या दारात आले. ते कधी दारात येत नसत, फोन करत. म्हणाले, "भाभी, भाईसाबकू भेजो. चमेली बाहर नै आरी. पाँव पकड लेको खडी है."

घोड्याचा खूर म्हणजे आपलं नख, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. नखाच्या आत सूज आली तर जागा कुठं आहे तिला? आपलं बोट दारात चेमटलं तर आपण हात झटकतो, वर धरतो. घोडीनं काय वर धरायचं? तिला त्याच नखांवर उभं राहायचं असतं. एवढं मोठं धूड, चार नखांवर. खाण्यानं होतं, म्हणाल्या. डाळ, गूळ, वरून डांबरी रस्त्यावरचं नाचणं. हे ऐकत होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडं बघायला लागले. मी त्यांना त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाही. मला बोलायला फार आवडतं, कोणालाही विचारा. पण त्याबद्दल नाही.

डॉक्टरीणबाई तेलुगू, मिलिंदपेक्षा लहान. केस कापलेले, पायात गमबूट. पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं ही पोरगी काय करणार. त्यांनी खाली बसून चमेलीचा पाय मांडीवर घेतला आणि तिच्याशी तेलुगूत काहीतरी बोलत राहिल्या. घोडी हैदराबादची, तिला सगळ्या भाषा येत होत्या.

मग जे जे सांगितलं ते सगळं झालं. खाली वाळूचा जाड थर. थंड पाण्यात पाय. खूर कापून घेणं, इंजेक्शनं, चंदी बंद, नुसतं वाळलेलं गवत. हे रिटायर झालेले, त्यामुळं दिवसभर तिथंच. मी डबा पोचवायची. पहिले काही दिवस ती सुधारली. यांनी शेजारच्या पोरांना पेढे वाटले. मी म्हटलं, अजून चालली नाही ती, पेढे कसले? यांना राग आला. पण ती चाललीच नाही. फोटोत दिसलं की खुराच्या आतलं हाड खाली सरकलंय. डॉक्टरीणबाईंनी तो काळा कागद उजेडात धरून दाखवला. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तिरकं आणि सरळ कळायला शाळा लागत नाही.

ती पडून राहायला लागली. कुशीला, ढुंगणाला जखमा झाल्या. माश्या बसायच्या. गफारभाई धूप जाळायचे. आणि हे तबेल्यात आले की ती उठायची.

हे बघवत नसे. मला बरंच बघवतं. सासूचं दुखणं मी काढलं, माझ्या बहिणीचं शेवटचं मी बघितलं. पण यांची चप्पल वाजली की ती घोडी कान टवकारायची, पुढचे पाय रोवायची, अंग थरथरायचं, घाम फुटायचा आणि उभी राहायची. यांनी चकचक करणं कधीच सोडलं होतं. "नको गं, नको," म्हणत तिचे खांदे दाबायचे. तिला तो 'नको' समजत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की हा माणूस आला की उठायचं असतं.

एकदा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. यांना नाही, मला. म्हणाल्या, "अम्मा, ये अब ठीक नहीं होगी. अंकल को मैंने दो बार बोला, वो सुनते नहीं."

"मग किती दिवस?"

"ऐसे तो खींच सकते हैं. लेकिन अम्मा, खराब दिन की राह मत देखो. हड्डी बाहर आएगी, वो चिल्लाएगी, तब घबराकर मुझे फोन करोगे. वैसा मत करो. एक अच्छा दिन चुनो. जिस दिन वो खा रही हो."

मी घरी येताना फाटकाशी थांबले. आगगाडी जायची होती. गाडी गेली, फाटक उघडलं, लोक गेले, मी तिथंच उभी. चांगला दिवस निवडायचा. लग्नाचा निवडतात तसा. लग्नाचा दिवस निवडताना सगळं घर बसतं, इथं मी एकटी फाटकाशी.

घरी सांगितलं तर यांनी ताट सरकवलं. "मी रोज सकाळी पहिलं शील म्हणतो," म्हणाले. "जीव घेणार नाही म्हणतो. आणि हिला सुई टोचू?"

"तिच्या कुशीवरच्या जखमेत काल मी अळी बघितली," मी म्हटलं. "ते कोणत्या शिलात बसतं?"

"ती खाते अजून."

"खाते म्हणूनच."

ते उठून गेले. मिलिंद कुकटपल्लीहून आला. त्याला सगळं नीटनेटकं लागतं, ऑफिसातली सवय. त्यानं फोनवर शोधून ठेवलं होतं, शहराबाहेर कुठंतरी म्हाताऱ्या जनावरांचा आश्रम आहे, हिरवळ आहे, फोटो दाखवले. "आई, तिथं शांतपणे राहील ना ती."

"जाईल कशानं?"

"ट्रक पाठवतात."

"ती वाळूवर उभी राहू शकत नाही. ट्रकमध्ये कशी उभी राहील? आणि पडली तर?"

त्यानं फोन खिशात ठेवला. वाईट पोरगा नाही. त्याला फक्त ते दिसायला नको होतं. आश्रम बहुतेक घोडीपेक्षा आपल्यासाठीच शोधतात माणसं.

गफारभाईंचं तिसरंच. त्यांच्याशी मी खूप बोलले, चहा ओतून देत बोलले. ते बशीत बघत म्हणाले, "भाभी, जिन्ने जान दिया उन्नेच लेना. अपन कौन?"

"गफारभाई, खुराला नाल कोणी ठोकला? त्यानं ठोकला का आपण? खोगीर आपण घातलं, डांबरावर आपण नाचवलं. तेव्हा नाही विचारलं अपन कौन म्हणून."

"आप तो वकील बनना था."

"चौथीत काढलं नसतं तर झाले असते."

ते हसले. मग डोळे पुसले. तोंड धुतो म्हणून उठले ते बराच वेळ नळाशीच होते. हो म्हणाले नाहीत. पण जाताना म्हणाले, तबेल्यामागची पडीक जागा माझ्या साडूची आहे, मी विचारून ठेवतो. सुईनं मेलेलं जनावर उघड्यावर टाकत नाहीत, कुत्री-घारी मरतात. त्यांना ते माहीत होतं. म्हणजे त्यांनीही आधीच विचार केला होता.

यांनी मात्र मान हलवली नाही. आणि मी जोर करणार नव्हते. घोडी त्यांची होती. या घरात माझं पुष्कळ चाललंय, पण यात मी ठरवून टाकलं असतं तर ते माझ्याकडं पुन्हा कसे बघणार होते?

मग उन्हाळ्याची लगनसराई लागली.

मी डबा घेऊन तबेल्यात गेले होते. ऊन उतरत होतं. चमेली कुशीवर पडलेली, हे तिच्या पाठीला पाठ लावून वाळूत बसलेले, अर्धवट झोपेत. आणि लायनीपलीकडून बँड सुरू झाला. लांबून, अजून चाल ओळखू येत नव्हती, नुसता ढोल. गफारभाईंच्या घोड्यांनी कान हलवले, गवत खात राहिल्या. चमेलीनं डोकं उचललं. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिनं पुढचे पाय रोवले होते. उभी राहिली. आणि लुळ्या माणसासारखी नाही, वरातीला उभी राहायची तशी. मान वर, शेपूट जरा उचललेली. तशीच एक पाऊल पुढं टाकलं, दाराकडं. कामाला जायचं होतं तिला.

मग जो आवाज तिच्या तोंडातून आला तो मी लिहिणार नाही.

ती गुडघ्यांवर आली. हे तिच्या मानेखाली हात घालून तिला तोलायला बघत होते, या वयात. म्हातारा माणूस आणि घोडी, दोघं वाळूत. बँड आमच्या बाजूला आला, गेला.  मग यांनी सदऱ्याला हात पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाईंना फोन कर."

"आज?"

"आज नको. आज वाईट दिवस आहे. उद्या खाल्लं तर उद्या."

सकाळी तिनं खाल्लं. दुखणं मारायचं औषध बाईंनी आदल्या संध्याकाळीच येऊन दिलं होतं, त्यामुळं डोळे शांत होते. मिलिंद सुट्टी घेऊन आला. खड्ड्यासाठी मशीन त्यानं आणलं, पण ते तबेल्यापासून लांब, रस्त्यापलीकडं थांबवलं, म्हणजे तिला आवाज जायला नको. मी सांगितलं नव्हतं त्याला. त्याचं त्यानंच केलं. गफारभाईंनी त्यांच्या घोड्या पहाटेच दुसरीकडं नेऊन बांधल्या होत्या. येऊन बघतात तर हे तिला खरारा करत होते. पांढरं अंग, जखमा सोडून, सगळं चकचकीत. जसं काही कुठं जायचंय.

डॉक्टरीणबाईंनी सगळं हळू आवाजात सांगितलं. आधी गुंगीचं, मग दुसरं. डोकं कोणीतरी धरायचं. यांनी तिच्या तोंडावरच्या मोरखीला हात घातला. "मीच धरणार," म्हणाले.

आणि ती उठायला लागली.

यांचा हात मोरखीवर पडला की उठायचं, हे तिच्या हाडात गेलेलं. बाई मागं सरकल्या. हे "नको, नको" म्हणत राहिले. ती पाय रोवत राहिली, पुन्हा तो घाम. बाईंनी माझ्याकडं बघितलं. गफारभाईंनी माझ्याकडं बघितलं. मिलिंदनं बघितलं. जे बोलायचं ते मीच बोलायचं, असं या घरात केव्हा ठरलं कोण जाणे.

"तुम्ही बाहेर जा," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्ही असलात की ती उठते. तुम्ही जवळ असेपर्यंत तिला पडून राहता येणार नाही. तुम्ही जा."

मी आयुष्यात यांना खूप टोचून बोलले आहे. जेवणात मीठ नसलं तरी त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही, आणि मी मात्र सगळ्यावर बोलले. पण असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मोरखी माझ्या हातात दिली. पाठमोरे झाले. दारातून बाहेर, भिंतीपलीकडं, चपला हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून. मिलिंद त्यांच्या मागं गेला.

मी वाळूत बसले. घोडीचं डोकं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिचा वास धुतला, तिच्याशी भांडले, तिच्यावरून भांडले, आणि डोकं मांडीवर पहिल्यांदा. गफारभाईंनी कोवळं हिरवं गवत आणलं होतं, तिला बंद असलेलं. ते मी तिच्या तोंडाशी धरलं. बाई तेलुगूत काहीतरी बोलत होत्या. गफारभाई तोंडातल्या तोंडात त्यांचं काही म्हणत होते. मला काहीच सुचेना म्हणून मी म्हटलं, "खा बाई, खा." ती खात होती.

सगळं झाल्यावर बाईंनी छातीला नळी लावून ऐकलं, मग तिच्या डोळ्याला बोट लावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उठू शकले नाही. पाय बधीर झाले होते. गफारभाईंनी उठवलं.

हे तबेल्याच्या मागं भिंतीला टेकून बसले होते, अनवाणी. मी शेजारी बसले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. म्हणाले, "मी गेल्यावर उठायला बघितलं?"

"नाही."

"खाल्लं?"

"खाल्लं."

"माझ्याकडं, दाराकडं बघितलं?"

गोड बोलायची मला सवय नाही. आणि या माणसाला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. त्या दिवशी तरी का सांगायचं? "बघितलं," मी म्हणाले. "डोकं उचललं नाही. पण कान दाराकडंच होते. सुई लागली तरी होते. मग खाली आले."

त्यांनी हातातल्या चपलांची वाळू झटकली.

"कोणता कान आधी आला?"

मी आठवून बघितलं. मांडीवरचं डोकं, आतून गुलाबी कान. "डावा," मी म्हणाले. "डावा आधी. मग उजवा."

त्यांनी मान हलवली. चपला खाली ठेवल्या, त्यात एकेक पाय घातला.

"झोप आली की डावाच आधी यायचा तिचा," ते म्हणाले.